नवा कॅमेरा यायच्या आधी: काय वाचायचं, काय विचारायचं, किती पैसे लागतात

कॅमेरा जाहीर झाला की लगेच आगाऊ पैसे भरू नका. आधी चार गोष्टी जमवा: कंपनीच्या साइटवरचं पूर्ण तांत्रिक पत्रक, मॅन्युअलची पीडीएफ, भारतातली छापील किंमत आणि वॉरंटीच्या अटी. चारही फुकट मिळतात. चारपैकी एकही बाहेर आली नसेल, तर त्या कॅमेऱ्याबद्दल दुकानदाराला तुमच्यापेक्षा फार जास्त माहिती नाही असं धरून चाला.

हे डोलवीतल्या वाचकाला मुद्दाम सांगतो, कारण आपल्याकडे चूक महाग पडते. पेण, वडखळ, नागोठणे, रोहा या पट्ट्यात स्टुडिओ भरपूर आहेत, पण नवं मॉडेल हातात घेऊन बघायचं तर मुंबई गाठावी लागते. बिघडला तर पुन्हा मुंबई. एसटी, लोकल, बुडालेला दिवस, एवढं सगळं त्या चुकीच्या किमतीत धरा. म्हणून कॅमेरा यायच्या आधीचे आठवडे वाट बघण्यात घालवू नका, चौकशीत घाला.

आधी काम ठरवा

हळद-लग्नं काढणार? पेण, हमरापूर, जोह्याच्या कारखान्यांतल्या गणपतींचे फोटो काढणार? धरमतर खाडीवरचे पक्षी टिपणार? की घरच्या मुलांचे फोटो आणि थोडे व्हिडिओ, एवढंच? या चौघांना चार वेगळे कॅमेरे लागतात. गणपतीच्या मूर्तीला वेगवान फोकस लागत नाही. ट्रायपॉड, दोन स्थिर दिवे आणि रंगाची अचूकता लागते. तिथे पाच वर्षं जुना कॅमेराही चालतो, वाचलेले पैसे दिव्यांवर घाला. पक्ष्यांसाठी बॉडीपेक्षा लेन्स महाग पडते. किट लेन्सनं खाडीपलीकडचा बगळा ठिपक्याएवढा दिसेल. किमान ३०० मिमीची, खरं तर त्याहून लांब लेन्स लागते. कर्नाळ्याच्या पक्षी अभयारण्यात जाणार असाल तर प्रवेशशुल्काशिवाय कॅमेऱ्याचं वेगळं शुल्क लागतं, तेही लक्षात असू द्या.

लग्नाच्या कामाला मात्र सगळंच लागतं: कमी उजेडात चालणारा सेन्सर, डोळ्यावर चिकटणारा फोकस, आणि शक्यतो कार्डाच्या दोन खाचा. एकच खाच असलेल्या कॅमेऱ्यात मुहूर्ताच्या वेळी कार्ड गेलं, तर तो मुहूर्त परत येत नाही. पत्रकात ‘कार्ड स्लॉट’ ही ओळ पहिल्यांदा बघा.

नाव नवं, सेन्सर जुना

यायच्या आधीच कॅमेऱ्याचा फोटो कसा येईल हे बऱ्याच अंशी कळू शकतं, कारण मधल्या किमतीच्या नव्या कॅमेऱ्यांत पुष्कळदा आधीच बाजारात असलेला सेन्सर असतो. निकॉन झेड५०-२ नोव्हेंबर २०२४ मध्ये आला. सेन्सर २०.९ मेगापिक्सेलचा, म्हणजे २०१९ च्या झेड५० च्याच घराण्यातला; आणि तेवढ्याच मेगापिक्सेलचा सेन्सर २०१६ च्या डी५०० मध्येही होता. नवा होता तो प्रोसेसर, झेड८ आणि झेड९ या महागड्या कॅमेऱ्यांतला. म्हणजे फोकस आणि व्हिडिओ सुधारला, फोटोचा मूळ दर्जा ओळखीचा राहिला. सोनी झेडव्ही-ई१०-२ जुलै २०२४ मध्ये आला, त्यात ए६७०० चा २६ मेगापिक्सेलचा सेन्सर. फुजीफिल्म एक्स-एम५ ऑक्टोबर २०२४ मध्ये आला, त्यात २०२० च्या एक्स-टी४ च्या पिढीचा सेन्सर.

यातून तुमचा फायदा दोन प्रकारे होतो. एक: जुन्या भावंडाचे नमुना फोटो, जास्त आयएसओवरची फाइल, रॉ फाइल, सगळं आजच उतरवून बघता येतं. ३२०० आणि ६४०० आयएसओची फाइल उतरवा, पेण किंवा पनवेलच्या लॅबमधून ८ × १२ ची प्रिंट काढा. मोबाइलच्या पडद्यावर सगळेच कॅमेरे चांगले दिसतात. दोन: फक्त फोटो काढायचे असतील आणि नव्यात बदल व्हिडिओचाच असेल, तर नवा आला की जुन्याची किंमत कधी उतरते यावर नजर ठेवा आणि जुना घ्या.

सुरुवातीच्या परीक्षणांबद्दल एक सावधगिरी. कॅमेरा विक्रीला यायच्या आधी आलेले व्हिडिओ बहुतेक कंपनीनं दिलेल्या नमुना बॉडीवर केलेले असतात. फर्मवेअर अंतिम नसतं, परीक्षकाला दोन-तीन दिवस मिळालेले असतात, सहल आणि मॉडेल कंपनीनं पुरवलेली असते. खालच्या खरेदीच्या लिंकवर त्याला कमिशनही असतं. ते खोटं बोलतात असं मी म्हणत नाही. पण बॅटरी लग्नभर पुरते का, कॅमेरा तापून बंद पडतो का, हे दोन दिवसांत कळत नाही. २०२० मध्ये कॅनन आर५ आला तेव्हा ८के व्हिडिओची जाहिरात जगभर गाजली. किती मिनिटांत तो तापतो याची चर्चा लोकांच्या हातात कॅमेरा पडू लागला तशी वाढत गेली. विक्री सुरू झाल्यावर किमान सहा आठवडे थांबा. तेवढ्यात एखादं फर्मवेअर अपडेटही येतं, आणि तुमचं संपादनाचं सॉफ्टवेअर नव्या रॉ फाइल उघडू लागतं. विकत घेतल्यावर रॉ फाइल उघडतच नाहीत म्हणून हवालदिल झालेले लोक मी पाहिलेत. सॉफ्टवेअरच्या साइटवर चालणाऱ्या कॅमेऱ्यांची यादी असते, त्यात मॉडेलचं नाव आहे का एवढंच बघायचं असतं.

मॅन्युअल वाचा, पोस्टर नको

माझा सगळा भर यावर आहे. पोस्टरवर ‘४के ६०’ लिहिलेलं असतं, त्याची तळटीप मॅन्युअलमध्ये असते. झेड५०-२ मध्ये ४के ६० आहे, पण तो काढताना चित्र कापलं जातं, म्हणजे मंडपात तुम्हाला आणखी मागे सरकावं लागतं आणि मागे भिंत असते. कॅनन आर५० मध्ये ४के ३० पर्यंतच जातं. सोनी झेडव्ही-ई१०-२ ला व्ह्यूफाइंडर नाही आणि यांत्रिक शटरही नाही, सगळं इलेक्ट्रॉनिक. फ्लॅश लावून लग्न काढणाऱ्यानं त्याच्या मॅन्युअलमधलं फ्लॅशचं पान आधी वाचलंच पाहिजे. फुजीच्या एक्स-एम५ लाही व्ह्यूफाइंडर नाही. मे महिन्याच्या उन्हात खाडीच्या बांधावर उभं राहून मागच्या पडद्यावर काय दिसतं, ते आधीच ताडून घ्या. बॉडीतलं स्थिरीकरण म्हणजे आयबीआयएस, ते या चारपैकी एकाही कॅमेऱ्यात नाही. हातात धरून व्हिडिओ काढणार असाल तर लेन्समध्ये स्थिरीकरण हवं, नाहीतर गिंबल हवा, म्हणजे वेगळा खर्च.

मॅन्युअलमध्ये शोधायच्या जागा सांगतो. ‘रेकॉर्डिंगची कमाल वेळ’: सलग किती मिनिटं. ‘वापराचं तापमान’: बहुतेक कॅमेऱ्यांवर ० ते ४० अंश लिहिलेलं असतं, पत्र्याच्या मंडपात मे महिन्यात हॅलोजनखाली चाळीस व्हायला वेळ लागत नाही. ‘डब्यातल्या वस्तू’: चार्जर आहे का? काही नव्या कॅमेऱ्यांच्या डब्यात चार्जर नसतो, बॅटरी कॅमेऱ्यातच यूएसबीनं भरायची असते. म्हणजे बॅटरी भरत असताना कॅमेरा एका जागी अडकला. ‘फ्लॅशची खाच’: कॅनन आर५० वर नवी बहुउपयोगी खाच आहे, जुने स्पीडलाइट फ्लॅश लावायला एडी-ई१ हा अडॅप्टर वेगळा घ्यावा लागतो. जुन्या लेन्स चालवायच्या तर कॅननला ईएफ-ईओएस आर, निकॉनला एफटीझेड-२. आणि निकॉनच्या जुन्या एएफ-डी लेन्स त्या अडॅप्टरवर बसतील, पण ऑटोफोकस होणार नाही; दुकानात ‘बसते’ एवढंच सांगतात.

बॅटरीचा आकडा सिपा नावाच्या प्रमाणित चाचणीतला असतो, कॅमेऱ्यांची तुलना करायला उपयोगी. डीएसएलआरची सवय असलेल्यांना धक्का बसतो: निकॉन डी७५०० चा आकडा ९५० फोटोंचा, झेड५०-२ चा अडीचशेच्या आसपास. प्रत्यक्षात भराभर काढले तर त्याहून जास्त निघतात, तरी एका लग्नाला तीन बॅटऱ्या धरा.

आता हळदीची गोष्ट. नात्यातल्या एका हळदीचा व्हिडिओ मी नव्या कॅमेऱ्यावर काढला होता. रात्री दहाची वेळ, मंडपाला एलईडी माळा, बेंजो जोरात. कॅमेऱ्याच्या पडद्यावर सगळं छान दिसत होतं. घरी टीव्हीवर लावला तर नवरीच्या पिवळ्या चेहऱ्यावरून काळसर आडवे पट्टे वरून खाली सरकत होते, थांबत नव्हते. चूक माझी होती: कॅमेरा एनटीएससीवर, ६० फ्रेमवर, शटर १/१२५. आपल्याकडची वीज ५० हर्ट्झची. दिवे सेकंदाला शंभरदा लुकलुकतात, शटर त्या तालात बसत नसेल तर पट्टे येतात. उपाय फुकट आहे. मेनूत एनटीएससीऐवजी पाल निवडा, २५ किंवा ५० फ्रेम, शटर १/५० किंवा १/१००. रंग बदलणाऱ्या शोभेच्या माळांना हा हिशेब पूर्ण लागू पडत नाही, त्यासाठी ‘अँटी-फ्लिकर’ किंवा बारीक शटर बदलायची सोय आहे का ते मॅन्युअलमध्ये बघा. आणि फोटोसाठी आवाज न करणारं इलेक्ट्रॉनिक शटर एलईडीखाली वापरू नका, पट्टे तिथेही येतात.

मेगापिक्सेलबद्दल थोडक्यात: स्टुडिओत १२ × ३६ चा अल्बम चालतो. त्याचं एक पान १२ × १८ इंच, ३०० डीपीआयला ३६०० × ५४०० पिक्सेल, म्हणजे १९.४ मेगापिक्सेल. २० किंवा २४ मेगापिक्सेल पुरतात. ३३ किंवा ४० साठी जास्त पैसे मोजायचे तर फोटो खूप कापायची गरज असली पाहिजे, पक्ष्यांसारखी.

खरा खर्च

जाहिरातीतली किंमत ही सुरुवात असते. समजा किट लेन्ससह कॅमेरा ८०,००० चा. त्यावर मूळ कंपनीची जादा बॅटरी साधारण ५,०००, बाहेरचा चार्जर ३,५००, ६४ जीबीची दोन चांगली कार्डं ३,०००, बॅग २,०००, फिल्टर १,५००, हवाबंद डबा-सिलिका-आर्द्रतामापक १,०००, फोटो साठवायला हार्डडिस्क ६,०००. झाले २२,०००, म्हणजे एकूण १,०२,०००. हे माझे अंदाज आहेत. दुकानागणिक बदलतील, कार्डं आणि डिस्कचे भाव तर फारच चढउतार करतात. मंडपातल्या उजेडासाठी एफ/१.८ ची लेन्स घेतलीत तर आणखी १५ ते २५ हजार. तुमचं बजेट ८०,००० असेल तर ८०,००० चा कॅमेरा तुमचा नाही. ६०,००० चा बघा.

कार्डाचा हिशेब स्वतः करा. ४के व्हिडिओ १०० एमबीपीएसनं काढला तर मिनिटाला ७५० एमबी, तासाला ४५ जीबी. ६४ जीबीत सव्वा-दीड तास. २४ मेगापिक्सेलची रॉ फाइल २५-३० एमबीची; दोन हजार फोटो म्हणजे ५०-६० जीबी. कार्डावर ‘व्ही३०’ असेल तर किमान सेकंदाला ३० एमबी लिहिण्याची हमी असते, आणि बहुतेक ४के ला तेवढं पुरतं. व्ही९० फार महाग. तुमच्या कॅमेऱ्याची खाच यूएचएस-१ असेल तर त्याचा उपयोगही नाही. दुकानदार कार्ड पुढे करण्याआधी खाच कुठली हे तुम्हाला माहीत हवं. नकली कार्डं बाजारात खूप आहेत. घरी आणल्यावर एच२टेस्टडब्ल्यू या मोफत सॉफ्टवेअरनं पूर्ण भरून तपासा, दीड-दोन तास लागतात. डब्यासोबत ‘फुकट’ मिळालेलं कार्डही तपासा.

संगणक विसरू नका. नवे कॅमेरे १०-बिट एच.२६५ मध्ये व्हिडिओ देतात. जुन्या मशिनवर तो अडखळत चालतो. नमुना व्हिडिओ फाइल आधीच उतरवून तुमच्या मशिनवर चालवून बघा.

बिल, छापील किंमत, हप्ते

डिजिटल कॅमेऱ्यावरचा जीएसटी १ जानेवारी २०१९ पासून २८ वरून १८ टक्क्यांवर आला. ८०,००० च्या बिलात ६७,७९७ माल आणि १२,२०३ कर. ‘बिल नको असेल तर कमी करतो’ हे ऐकलं की दुकानातून बाहेर पडा. बिल नाही म्हणजे वॉरंटी नाही, विमा नाही, तक्रार नाही. तुमच्या स्टुडिओची जीएसटी नोंदणी असेल तर बिलावर तुमचा क्रमांक घालून घ्या. तुम्ही नियमित करदाते असाल तर तो कर वजा मिळू शकतो. कॉम्पोझिशन योजनेत मिळत नाही.

डब्यावर आयातदाराचं नाव-पत्ता आणि सर्व करांसह कमाल किंमत छापलेली असली पाहिजे. हे नसेल तर माल ग्रे मार्केटचा, म्हणजे अधिकृत आयातदाराला वळसा घालून आलेला. दहा-पंधरा हजारांनी स्वस्त दिसतो. पण कॅमेरा बॉडीची वॉरंटी बहुतेक कंपन्या देशापुरतीच देतात, इथलं सर्व्हिस सेंटर पैसे घेऊनच दुरुस्त करील. जपानी बाजाराच्या काही सोनी कॅमेऱ्यांत तर मेनू फक्त जपानीत असतो. दुबईहून किंवा अमेरिकेहून भाऊ-बहीण आणणार असतील तर हेच लागू. शिवाय करमुक्त मर्यादेवर सीमाशुल्क भरावं लागतं आणि त्याची पावती जपून ठेवावी लागते. दुकानाची ‘स्वतःची वॉरंटी’ ही कंपनीची वॉरंटी नाही. बिलावर सिरीयल नंबर आणि ‘कंपनीची भारतातली वॉरंटी’ असं लिहून मागा. लिहायला कां कूं केली की समजा.

माल टंचाईचा असतो तेव्हा वेगळीच लूट. फेब्रुवारी २०२४ मध्ये फुजीफिल्म एक्स१००-६ आला आणि जगभर महिनोन् महिने मिळेना. अशा वेळी ‘वर थोडे द्या, आजच देतो’ असं सांगितलं जातं. छापील किमतीपेक्षा एक रुपयाही जास्त घेणं आपल्याकडे बेकायदा आहे. त्याची तक्रार वैधमापनशास्त्र विभागाकडे होते. बॅग, ट्रायपॉड, जादा वॉरंटी घेतलीत तरच कॅमेरा मिळेल, ही त्याच लुटीची दुसरी तऱ्हा.

आगाऊ नोंदणी करायचीच असेल तर शक्य तितकी कमी रक्कम द्या. पावतीवर मॉडेल, किट कुठलं, ठरलेली किंमत, देण्याची तारीख आणि ‘तारीख चुकल्यास पूर्ण परत’ हे लिहून घ्या. पैसे दुकानाच्या नावाच्या खात्यावरच. यूपीआयवर कुणा व्यक्तीचं नाव आलं तर थांबा.

‘नो कॉस्ट’ हप्त्याला खर्च असतो. बँक व्याज लावते, दुकान तेवढी सूट देतं, पण व्याजावरचा १८ टक्के जीएसटी तुमच्याच माथी. समजा नऊ हप्त्यांचं व्याज ४,५०० झालं, तर त्यावर ८१० कर. प्रक्रिया शुल्क १९९ आणि त्यावर कर मिळून २३५. एकूण १,०४५. शिवाय रोखीनं घेणाऱ्याला जी सूट मिळाली असती ती गेली, तीच खरी किंमत. शून्य टक्के व्याज असं काही अस्तित्वात नसतं, हे रिझर्व्ह बँकेनंच २०१३ मध्ये बँकांना बजावलं होतं. म्हणून दुकानात पहिला प्रश्न विचारा: एकरकमी दिले तर किती? हप्त्यांसाठी आधार, पॅन आणि बँकेचा तपशील लागतो. कार्डावर दोन टक्के जादा मागतात, ८०,००० वर ते १,६०० होतात. भाव ठरवतानाच हे बोलून घ्या. रोख दोन लाख किंवा त्याहून जास्त दुकानदाराला घेताच येत नाहीत.

जादा वॉरंटी बहुधा नको. अटी वाचा: पाणी, वाळू, पडझड, बुरशी यातलं काहीच त्यात नसतं, आणि आपल्याकडे कॅमेरे याच कारणांनी जातात. त्या पैशात व्यावसायिकानं सर्व-जोखीम विमा विचारावा.

हातात घेऊन बघायचं तर

मुंबईत फोर्टमधली बोरा बाजार गल्ली, सीएसएमटीपासून चालत. वडखळ किंवा पेणहून एसटीनं पनवेल, तिथून हार्बर लोकलनं थेट सीएसएमटी. डोलवीतून सकाळी सातला निघालात तर दुकानं उघडायच्या वेळेला पोहोचता. पावसाळ्याबाहेर मांडव्याहून गेटवेची लाँचही आहे. रविवारी जाऊ नका, बरीच दुकानं बंद असतात. स्वतःचं कार्ड बरोबर न्या, दुकानातल्या कॅमेऱ्यात घालून फोटो काढू द्या म्हणा, फाइल घरी आणून बघा. दोन-तीन दुकानांत लेखी भाव घ्या. पहिल्या दुकानात पैसे देऊ नका.

व्यावसायिकानं आधी एक दिवस भाड्यानं घ्यावा. नवं मॉडेल भाड्याला नसेल तर त्याच सेन्सरचं जुनं भावंड घ्या. ओळखपत्र लागतं, अनामत किंवा चेकही मागतात. बाहेर पडण्याआधी कॅमेऱ्यावरच्या ओरखड्यांचे फोटो त्यांच्या समोर काढा.

ऑनलाइन मागवलात तर

४०२१०७ पिनकोड टाकून आधी बघा: पोहोचवतात का, कधी, आणि ‘ओपन बॉक्स’ म्हणजे समोर उघडून देण्याची सोय या पिनकोडला आहे का. विक्रेत्याचं नाव वाचा. साइट मोठी असली तरी विकणारा वेगळाच असतो. त्याचं नाव कंपनीच्या साइटवरच्या अधिकृत विक्रेत्यांच्या यादीत शोधा. ‘फक्त बदली, परतावा नाही’ असं लिहिलंय का, किती दिवसांत, हे पैसे भरण्याआधी बघा. पैसे भरायच्या पानावर आधीच टिक केलेली जादा वॉरंटी काढून टाका. न विचारता टोपलीत वस्तू घालणं ही २०२३ च्या केंद्रीय मार्गदर्शक तत्त्वांनुसार अनुचित पद्धत आहे.

पार्सल कॉलनीच्या गेटवर किंवा शेजारच्या दुकानात ठेवायला सांगू नका. स्वतः घ्या. समोर उघडायचं ठरलं असेल तर डबा उघडून आतला माल बघितल्याशिवाय ओटीपी सांगू नका. डबा उघडताना न थांबता एकच व्हिडिओ काढा: पत्त्याचं लेबल, सील, डब्यावरचा सिरीयल नंबर, कॅमेऱ्याच्या बुडावरचा नंबर. दोन्ही नंबर आणि बिलावरचा नंबर एकच हवेत.

पहिल्या दोन दिवसांतच तपासणी उरका, बदलीची मुदत चालू असते. लेन्सला टोपी लावून एक सेकंदाचा फोटो काढा, मोठा करून रंगीत ठिपके शोधा. विटांच्या भिंतीचा फोटो काढा, चारही कोपरे सारखे स्पष्ट आहेत का बघा. प्रत्येक बटण, प्रत्येक खाच, माइक, फ्लॅश. निकॉन असेल तर पहिल्याच जेपीईजीच्या माहितीत शटर किती वेळा चाललं तो आकडा मिळतो; तो हजारात असेल तर तुम्हाला शोरूममधला वापरलेला नग दिलाय. वॉरंटीची ऑनलाइन नोंदणीही याच दोन दिवसांत.

पावसाळ्याचं आधीच ठरवा. जून ते सप्टेंबर कपाटातल्या बॅगेत ठेवलेल्या लेन्सला बुरशी धरते. टॉर्च मारून बघितलं तर काचेच्या आत कोळ्याच्या जाळ्यासारखे पांढरे धागे दिसतात. पुसून जात नाहीत, लेन्स खोलावी लागते. हवाबंद डबा, सिलिका, आणि आतली आर्द्रता ४० ते ५० टक्के. सिलिका ओलावली की गरम करून पुन्हा वापरता येते. दोनपेक्षा जास्त लेन्स असतील तर विजेचं ड्राय कॅबिनेट, आठ-दहा हजारांपासून. हायवेच्या आणि कारखान्यांच्या पट्ट्यातली बारीक धूळ वेगळीच. उघड्यावर लेन्स बदलू नका, सेन्सर साफ करून घेणं म्हणजे पुन्हा मुंबईची फेरी.

फसलात तर

आधी विक्रेत्याला लेखी, ईमेलनं. ऑनलाइन कंपनीच्या तक्रार अधिकाऱ्यानं ४८ तासांत पोच आणि महिन्याभरात निकाल द्यायचा असतो. तसं झालं नाही तर राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइन १९१५. तिथेही सुटलं नाही तर जिल्हा ग्राहक आयोग, आपल्यासाठी अलिबागला. माल कुठूनही घेतलेला असो, तुम्ही राहता त्या जिल्ह्यात तक्रार करता येते, हा २०१९ च्या कायद्यानं दिलेला मोठा दिलासा आहे. पाच लाखांपर्यंतच्या व्यवहाराला शुल्क नाही, वकील सक्तीचा नाही, तक्रार ऑनलाइनही दाखल होते, मुदत दोन वर्षं. कॅमेरा धंद्यासाठी घेतला असेल तर ‘स्वतःच्या उपजीविकेसाठी स्वयंरोजगार’ हे तक्रारीत स्पष्ट लिहा, नाहीतर समोरचा तुम्ही ग्राहकच नाही असा मुद्दा काढतो.

लागणारे कागद: बिल, पैसे दिल्याचा पुरावा, वॉरंटीची नोंद, उघडतानाचा व्हिडिओ, पत्रव्यवहार. बिल थर्मल कागदावरचं असेल तर घरी आल्या दिवशीच झेरॉक्स काढा आणि मोबाइलवर फोटोही. आपल्या दमट हवेत त्यावरची अक्षरं वॉरंटी संपायच्या आधी उडून जातात.